घरपट्टीच्या बिलावरचा एक क्रमांक आणि त्याला टांगलेल्या सगळ्या सेवा

वडिलांच्या पश्चात घर नावावर करायचंय, नळाला पाणी कमी येतंय, वर एक खोली चढवायची आहे, रस्त्यालगतचं झाड छपरावर झुकलंय. काम कोणतंही असो, महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या खिडकीपाशी पहिला प्रश्न एकच येतो: मालमत्ता क्रमांक सांगा. आणि दुसरा: थकबाकी आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरं स्वच्छ असतील तर पुढचं काम चालीला लागतं. नसतील तर नळाच्या अर्जासाठी गेलेला माणूस आधी करविभागात, तिथून भूमापन कार्यालयात आणि तिथून वकिलाकडे फिरत बसतो. म्हणून काही काम अडलेलं नसताना, शांतपणे, आपल्या घराची नोंद तपासून ठेवणं हेच सगळ्यात उपयोगाचं काम आहे.

बिल वाचायचं कसं

बहुतेक जण बिलावरची फक्त खालची रक्कम पाहतात. वरच्या भागात चार गोष्टी असतात, त्या आधी पाहा: नाव, क्षेत्रफळ, वापर आणि बांधकामाचा प्रकार. नाव कधीकधी दोन मालकांपूर्वीचं असतं. वापराच्या रकान्यात 'निवासी' असायला हवं; तळमजल्यावर पूर्वी दुकान होतं आणि आता ते बंद होऊन तिथे राहती खोली झाली असेल, तरी कळवल्याशिवाय 'बिगरनिवासी' हा शब्द आपोआप जात नाही, आणि बिगरनिवासी दर कितीतरी चढा असतो. बांधकामाच्या प्रकारात आरसीसी, लोडबेअरिंग (भार भिंतींवर पेललेलं), पत्र्याचं छत, कौलारू असे भेद असतात आणि प्रत्येकाचा दर वेगळा.

क्षेत्रफळाची चूक सगळ्यात महाग पडते. मुंबईत कर भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर बसतो. राज्यातल्या अनेक महापालिकांत तो अजून करयोग्य मूल्यावर, म्हणजे अपेक्षित भाड्यावरून काढलेल्या आकड्यावर बसतो. करयोग्य मूल्याचं गणित सोपं आहे. समजा चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ६०० चौरस फूट आणि ठरलेला दर दरमहा २ रुपये. महिन्याचं अपेक्षित भाडं १,२०० रुपये, वर्षाचं १४,४००. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा होतात आणि १२,९६० रुपये करयोग्य मूल्य उरतं. सर्वसाधारण कर, सफाई, पाणीपट्टी लाभ कर, वृक्ष कर असे वेगवेगळे कर या आकड्यावर टक्केवारीने लागतात. आता चटई क्षेत्राच्या जागी बांधीव क्षेत्र (भिंतींसह) ७२० चौरस फूट नोंदलं गेलं तर करयोग्य मूल्य १५,५५२ होतं, म्हणजे दर वर्षी २० टक्के जास्त, आणि कुणी बोट ठेवेपर्यंत तसंच चालू. नोंद चौरस मीटरमध्ये असेल तर आकड्याला १०.७६४ ने गुणा, म्हणजे चौरस फूट मिळतील. मग तो आकडा करारनाम्यातल्या चटई क्षेत्राशी ताडून पाहा.

गावात हेच काम नमुना ८ करतो. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही, नमुना ९ ही मागणीची आणि नमुना १० म्हणजे कर भरल्याची पावती. ग्रामपंचायत दर चार वर्षांनी आकारणीत फेरबदल करते. यादी सूचना फलकावर लागते आणि हरकतींसाठी मुदत मिळते. ही यादी वाचायला जाणारे फार थोडे असतात, आणि म्हणून चुका पुढची चार वर्षं तशाच राहतात.

तीन दप्तरं, तीन नोंदी

घर विकत घेतलं, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला, सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) हातात आली की सगळं झालं, असा मोठा गैरसमज आहे. दस्त नोंदणी वेगळी. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा वेगळा. तो भूमी अभिलेख आणि महसूल खात्याकडे असतो. महापालिकेचं करदप्तर तिसरं. एका दप्तरातली नोंद दुसऱ्यात आपोआप जाईलच असं धरून चालू नका. तिन्ही उतारे काढून समोरासमोर ठेवा आणि नाव, क्षेत्र, भूखंड क्रमांक जुळतात का ते पाहा.

यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा नाही. नमुना ८ सुद्धा नाही. कर कुणाकडून वसूल करायचा एवढंच ती नोंद सांगते. गावठाणातल्या घरांना मालकीचा स्वतंत्र कागद नव्हता, ती उणीव भरून काढण्यासाठी २०२० साली स्वामित्व योजना आली. ड्रोनने मोजणी होऊन गावठाणातल्या घरांच्या मिळकत पत्रिका तयार होतात. तुमच्या गावात मोजणी झाली असेल तर चौकशीच्या वेळी हजर राहून हद्द आणि नाव बरोबर लागलं आहे का ते तपासा. नंतर दुरुस्तीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाचे खेटे घालावे लागतात.

महानगरपालिका अधिनियमानुसार घर हस्तांतरित झालं की देणारा आणि घेणारा अशा दोघांनीही तीन महिन्यांच्या आत महापालिकेला कळवायचं असतं. मालक वारला तर वारसाने एक वर्षाच्या आत. विकणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण कळवलं नाही तर कराची जबाबदारी त्याच्याच डोक्यावर राहते. घर विकून आठ वर्षं झाली आणि जप्तीची नोटीस जुन्या मालकाला आली, असं घडतं ते यामुळेच.

खरेदीने झालेल्या हस्तांतरणाला दस्ताची प्रत, सूची २, चालू वर्षापर्यंत कर भरल्याची पावती आणि सोसायटी असेल तर तिचं पत्र लागतं. वारसाहक्काचं काम जास्त अडतं. मृत्यू दाखला आणि वारस दाखला किंवा मृत्युपत्र दिलं तरी, चार भावंडांपैकी एकाच्याच नावाने नोंद हवी असेल तर बाकीच्या तिघांचं हक्कसोडपत्र लागतं, आणि ते नोंदणीकृतच हवं. नुसत्या स्टॅम्पवर सह्या करून नोटरी केलेला कागद इथे चालत नाही. हक्कसोड व्हायची नसेल तर हट्ट न करता चौघांचीही नावं लावून घ्या. नोंद मृत माणसाच्या नावावर पडून राहण्यापेक्षा ते कधीही बरं. सोसायटीत लावलेलं नामनिर्देशन हा आणखी एक घोळ. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती वारसांच्या वतीने जागा सांभाळते.

सवलत मागावी लागते

सवलती आपोआप लागतील या भरवशावर राहू नका. मुंबईत ५०० चौरस फूट, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. क्षेत्र ४७ चौरस मीटर नोंदलं गेलं असेल तर माफी नाही, म्हणून पुन्हा गाडी क्षेत्रफळावरच येते. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत मिळते. ती २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली आणि ज्यांची काढली गेली होती त्यांना पीटी-३ हा अर्ज भरून, स्वतः राहत असल्याचा सोसायटीचा दाखला आणि ओळखीचा पुरावा जोडून ती मागावी लागली. घर भाड्याने दिलं की ही सवलत जाते. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना राज्याच्या योजनेखाली मालमत्ता करात माफी आहे, पण अर्ज आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला दिल्याशिवाय नाही. सौर पाणीतापक, पर्जन्य जलसंधारण, गांडूळ खत यांसाठी अनेक महापालिका काही टक्के सूट देतात. यंत्रणा चालू स्थितीत आहे का हे पाहायला माणूस येतो, आणि छपरावर नुसती गंजलेली टाकी दिसली तर सूट रद्द होते.

महापालिकांत थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) चढते. १०,००० रुपये थकले तर वर्षाला २,४०० रुपये. अभय योजना येईल म्हणून थांबणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की अभय योजनेत शास्तीत सूट मिळते, मूळ कर भरावाच लागतो, आणि ती योजना दर वर्षी येतेच असं नाही. ग्रामपंचायतीत ३० सप्टेंबरच्या आत भरल्यास ५ टक्के सूट आहे आणि वर्ष उलटल्यावर ५ टक्के दंड.

आकारणी चुकीची वाटत असेल तर विशेष नोटीस मिळाल्यावर तिच्यात दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या. मुदत ओलांडली की तुमचं म्हणणं कितीही खरं असो, बाजू लुळी पडते. हरकतीत 'कर फार आहे' असं लिहून काही होत नाही. 'नोंदलेलं क्षेत्र ७२० चौ. फूट, करारनाम्याप्रमाणे चटई क्षेत्र ६०० चौ. फूट, प्रत्यक्ष मोजणी करावी' असं लिहिलं तर अधिकाऱ्याला मोजणीला यावं लागतं. सुनावणीला नकाशाची प्रत घेऊन जा. आणि वाद चालू आहे म्हणून कर भरायचा थांबवू नका. 'हक्क राखून भरणा करीत आहे' असं पत्र देऊन भरा. पुढे न्यायालयात अपील करायचं ठरलं तरी मागणीची रक्कम आधी जमा करावीच लागते.

बांधकामाला हात लावण्यापूर्वी

रंग, गिलावा, फरशी बदलणं, फुटलेली कौलं त्याच उंचीवर पुन्हा बसवणं, नळ आणि मोरीची दुरुस्ती यांना बांधकाम परवानगी लागत नाही. खांब, तुळई, स्लॅब, भार पेलणारी भिंत यांना धक्का लागला, मजला वाढला, गच्चीवर पत्र्याची शेड आली किंवा वापर बदलला की लागते. गच्चीवरच्या शेडबाबत सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण पत्रा म्हणजे बांधकाम नव्हे अशी समजूत आहे.

मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिने लहान भूखंडांचं काम बरंच सोपं केलं. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नियमात बसणारा नकाशा आणि कागद दाखल करून शुल्क भरलं की ती पावती हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी दहा दिवसांत परवानगी. हे 'विनापरवाना' नव्हे, हे नीट समजून घ्या. सामासिक अंतरं (बाजूंना सोडायची मोकळी जागा), उंची, चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) सगळं पाळायचंच आहे. फक्त तपासणीची जबाबदारी तुमच्यावर आणि तुमच्या वास्तुविशारदावर आली आहे. भूखंड मंजूर रेखांकनातला (लेआउटमधला) असल्याचा पुरावा नसेल तर ही सोय मिळत नाही, आणि गुंठ्यांनी घेतलेल्या जागांचं घोडं इथेच पेंड खातं.

प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करण्याचा परवाना) एक वर्ष चालतं, काम लांबलं तर मुदत संपण्यापूर्वी वाढवून घ्यायचं. जोत्यापर्यंत (पायावरच्या चौथऱ्यापर्यंत) काम आलं की जोते तपासणी करून घ्या. भिंती उभ्या राहिल्यावर बाजूचं अंतर अर्धा मीटर कमी भरलं तर उपाय उरत नाही. जोत्यावर असताना दुरुस्ती शक्य असते. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याचा परवाना. ते न घेता राहायला गेल्यास कर सुरू होतो, काही ठिकाणी पाणी चढ्या दराने मिळतं आणि घर विकताना बँक नेमका हाच कागद मागते. महापालिका हद्दीत अनधिकृत बांधकामावर कलम २६७ अ प्रमाणे मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावता येते, आणि ती भरली म्हणजे बांधकाम नियमित झालं असं मुळीच नाही.

तीस वर्षांची इमारत

या विषयाकडे जितकं लक्ष द्यायला हवं तितकं कुणी देत नाही. महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६५ अ असं सांगतं की इमारतीला ३० वर्षं झाली की मालकाने किंवा भोगवटादाराने नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून स्थैर्य प्रमाणपत्र सादर करायचं. ३० वर्षं मोजायची ती पूर्णत्वाच्या दाखल्यापासून, किंवा निम्म्या बांधीव क्षेत्रात लोक राहायला आले तेव्हापासून, यांपैकी जे आधी असेल त्यापासून. त्यानंतर एका वर्षात पहिलं प्रमाणपत्र आणि पुढे दर दहा वर्षांनी. टाळलं तर दंड २५,००० रुपये किंवा वर्षाचा मालमत्ता कर, यांतलं जे जास्त असेल ते.

नुसतं डोळ्यांनी पाहून दिलेला दोन पानी अहवाल घेऊ नका. काँक्रीटच्या पृष्ठभागाचा टणकपणा पाहणारी रिबाउंड हॅमर, आतल्या भेगा-पोकळ्या कळण्यासाठी अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी, सळईचा गंज कळण्यासाठी हाफ सेल पोटेन्शियल, कार्बोनेशनची खोली आणि गरज पडल्यास काँक्रीटचा कोअर काढून ताकद तपासणं, हे सगळं अहवालात आकड्यांसह हवं. कोणत्या खांबावर कोणती चाचणी झाली याचा नकाशा हवा. निष्कर्ष चार वर्गांत येतो: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती, सी-२ ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मालकाचा अहवाल सी-१ आणि रहिवाशांचा सी-२ ब असा तिढा मुंबईत पडला तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं.

इमारत रिकामी करायची वेळ आली तर घराबाहेर पडण्यापूर्वी महापालिकेकडून प्रत्येकाच्या ताब्यातल्या क्षेत्राची मोजणी आणि रहिवाशांची यादी लेखी करून घ्या, सही-शिक्क्यासह. इमारत जमीनदोस्त झाल्यावर कुणाची खोली किती फुटांची होती हे सिद्ध करणं फार कठीण जातं.

नळ, गटार, झाड

पाणी कमी येत असेल तर आधी शेजारी विचारा. सगळ्या गल्लीत कमी असेल तर मुख्य वाहिनीचा किंवा व्हॉल्व्हचा प्रश्न आहे आणि तो महापालिकेचा. फक्त तुमच्याकडेच कमी असेल तर फेरूल (मुख्य वाहिनीवर जोडनळी बसवायचा धातूचा तुकडा) चोंदलेली असते किंवा जुना जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप आतून गंजून आटलेला असतो. फेरूलला हात महापालिकेचा माणूसच लावेल. मुख्य वाहिनीपासून मीटरपर्यंतची जोडनळी मात्र बहुतेक ठिकाणी घरमालकाच्या खर्चाची असते, आणि रस्ता खोदायचा तर खोदाई परवानगी व रस्ता दुरुस्तीचं शुल्क वेगळं. वाहिनीला थेट मोटार लावू नका. ते बेकायदा तर आहेच, पण त्या ओढीने वाहिनीत पोकळी तयार होते आणि जिथे जोडनळी गटारातून गेली आहे तिथल्या फटीतून मैलापाणी आत खेचलं जातं. सगळ्या गल्लीला जुलाब लागतात ते अशाने.

पाण्याला वास आला तर आरोग्य खात्याकडे ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का पाहणारी ऑर्थोटोलिडीन चाचणी) मागा. नळाच्या पाण्यात त्या द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळसर छटा आली तर क्लोरीन आहे; पाणी रंगहीनच राहिलं तर नाही. नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन उरलेलं असावं लागतं.

सेप्टिक टाकी दोन ते तीन वर्षांनी उपसून घ्या. मैला उपसा गाडीसाठी अर्ज देताना गल्लीची रुंदी आणि टाकीचं झाकण रस्त्यापासून किती लांब आहे हे लिहा, नाहीतर मोठी गाडी येऊन परत जाते. टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. स्वस्तात करतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तक्रारीसाठी १४४२० हा क्रमांक आहे.

झाड आपल्याच अंगणातलं असलं तरी शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. अर्जासोबत छपरावर टेकलेल्या फांदीचा फोटो द्या आणि संपूर्ण झाड तोडण्याऐवजी धोकादायक फांद्या छाटण्याची मागणी करा. ती लवकर मंजूर होते.

पडझड झाली तर

अतिवृष्टीत घर पडलं तर मदत महसूल खात्यामार्फत येते, पण पंचनाम्याला ग्रामपंचायतीची नोंद लागते. २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० रुपये, डोंगराळ भागात १,३०,०००. किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००, झोपडीला ८,००० आणि गोठ्याला ३,०००. पंचनामा होईपर्यंत ढिगारा उचलू नका. उचलावाच लागला तर चारही बाजूंनी, मागे ओळखीची खूण दिसेल असे फोटो काढा. १५ टक्क्यांची रेष इथे सगळं ठरवते, म्हणून पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी पडलेल्या भिंतीची लांबी-उंची लिहिली आहे का ते वाचा. नमुना ८ वर नसलेली खोली पंचनाम्यात बसवणं अवघड जातं.

घड्याळ कधी सुरू होतं

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. करआकारणीचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, हस्तांतरण नोंद, नळजोडणी, जोते प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र या अधिसूचित सेवा आहेत आणि प्रत्येकीला दिवस ठरलेले आहेत. ते दिवस, शुल्क आणि पदनिर्देशित (ती सेवा देण्याची जबाबदारी असलेल्या) अधिकाऱ्याचं पद कार्यालयातल्या फलकावर लावणं बंधनकारक आहे. पण घड्याळ सुरू होतं ते सगळ्या कागदांसह पूर्ण अर्ज दिल्यावर. म्हणून यादीतला एकेक कागद क्रमाने लावा, पानांना आकडे घाला आणि अर्जातच 'सोबत १ ते ७ कागदपत्रे' असं लिहा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोचेवर तारीख आणि अर्जाचा क्रमांक हवा. ऑनलाइन केला असेल तर 'आपले सरकार'वरची पावती जपून ठेवा.

मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत पहिलं अपील, ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. नाकारताना कारण लेखी द्यावंच लागतं. तोंडी 'होणार नाही' हा नकार धरू नका, लेखी मागा. त्यानंतर दुसरं अपील, आणि तिसरं राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे ६० दिवसांत. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रस्त्यावरचा खड्डा किंवा तुंबलेलं गटार मात्र यात बसत नाही. त्या तक्रारी वेगळ्या नोंदवायच्या.

फाइल कुठे अडली हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'माझं काम का झालं नाही' असा प्रश्न विचारलात तर उत्तर येतं की हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या सर्व टिपणींच्या प्रती, आणि तो अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर होता याची नोंद मिळावी.'